श्रोत्यांवाचून गाणे

गायनाच्या बाबतीत आपल्या समाजाने फार पूर्वीपासून माणसांची वाटणी दोन खात्यांत करून टाकली आहे: व्यासपीठावर बसून गाणारे आणि सतरंजीवर बसून माना डोलावणारे, आणि ज्याच्यापाशी गुरूची तालीम, घराण्याची सनद किंवा निदान दोन-चार परीक्षांची प्रमाणपत्रे नाहीत, त्याने न्हाणीघराबाहेर तोंड उघडू नये, असा एक अलिखित हुकूमच आपल्याकडे जारी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींनी ही वहिवाट समुद्रापलीकडे जशीच्या तशी आणली. मंडळाचा गणेशोत्सव असो वा बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन, पुण्या-मुंबईचे कलावंत येतात, सभागृह तुडुंब भरते, ‘वन्स मोअर’ होतात. आणि माणसे हजारांनी जमलेली असली तरी गाणारा एक, फार तर पाच-सात. उत्तम ऐकणे ही मोठीच विद्या आहे, याबद्दल वाद नाही. माझी तक्रार एवढीच, की ऐकण्यापलीकडे सामान्य माणसाला काही मुभाच उरलेली नाही.

या पार्श्वभूमीवर ह्याच देशातील एका छंदाची कैफियत मराठी वाचकांपुढे मांडावीशी वाटते. एखाद्या संध्याकाळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात आठ-दहा माणसे जमतात, त्यांत कोणी अभियंता, कोणी ग्रंथपाल, कोणी निवृत्त शिक्षिका. यजमान सर्वांच्या हाती काही पाने देतो, जी बहुतेकांनी त्यापूर्वी कधी पाहिलेलीही नसतात. एक जण सुरुवातीचा सूर देतो, आणि चार-साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपातील प्रबोधनकालात रचलेले पॅलेस्ट्रिना, व्हिक्टोरिया किंवा विल्यम बर्ड यांचे चौपदरी वृंदगान ही मंडळी कागदावर वाचत वाचत, पूर्वतयारीवाचून, थेट गाऊ लागतात. श्रोता एकही नसतो. चुकते, कधी पार कोसळते. मग हसून मागच्या खुणेपासून पुन्हा सुरू होते, आणि एक रचना संपली की टाळ्यांऐवजी पान उलटल्याचा आवाज येतो.

हे कसे जमते, असे आपल्याकडील जाणकारांना वाटेल. परंतु हे संगीत मुळातच असल्या गाण्याला अनुकूल आहे. वाद्यांची साथ लागत नाही, प्रत्येक आवाजाचा पल्ला सप्तकापेक्षा थोडासाच मोठा, आणि चाल बहुतांशी लगतच्या स्वरांवरून पावले टाकीत जाणारी. शिवाय मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेचे गान, याचे लॅटिन शब्द जवळजवळ ठरलेले असल्याने एकदा परिचय झाला की रचनाकार कोणीही असो, शब्दांची अडचण राहत नाही. एका आवाजाने आरंभिलेला स्वरसमूह दुसरा आवाज काही मात्रांनी उचलतो, मग तिसरा. त्यामुळे आपली पाळी येण्यापूर्वीच आपल्याला काय गायचे आहे ते कानावर पडलेले असते. वाट चुकली तर गप्प राहून सर्व आवाज जेथे विसावतात त्या स्थानाची वाट पाहावी आणि तेथून पुन्हा सामील व्हावे, हा या मंडळींचा रिवाज. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

बर्डचा चार आवाजांचा मिस्सा याचा उत्तम दाखला आहे. 1590 नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेला कायद्याने बंदी होती. तेव्हा बर्डने आपल्या तीन मिस्सांच्या पोथ्या शीर्षकपृष्ठावाचून छापवल्या, आणि त्या कोठल्या भव्य मंदिरासाठी नव्हे, तर सरदारांच्या वाड्यांत चोरून भरणाऱ्या मूठभर लोकांच्या उपासनेसाठी होत्या. चार आवाजांच्या मिस्साच्या अखेरच्या भागात पहिली विनवणी दोनच आवाजांत येते, दुसरी तीन आवाजांत, आणि तिसरीत चारही आवाज एकत्र येऊन एकमेकांच्या स्वरांवर अडखळल्यासारखे रेलतात, रेलून मोकळे होतात. ऐकताना हे केवळ मधुर वाटते. परंतु मधल्या आवाजात उभे राहून आपला स्वर धरून ठेवावा आणि शेजाऱ्याचा स्वर येऊन त्याला खुपावा, नंतर आपण एक पायरी खाली उतरताच ते खुपणे नाहीसे व्हावे, हा अनुभव पहिल्या रांगेतील सर्वांत महागड्या तिकिटालाही मिळत नाही. हे गान गाणाऱ्यांसाठीच लिहिलेले आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

अमेरिकेत हा छंद आयता उगवलेला नाही. 1640 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे इंग्रजी वसाहतींतील पहिले पुस्तक छापले गेले तेच मुळी स्तोत्रांचे. पण पुढे गाणे असे विस्कटले, की एकाने ओळ सांगायची आणि इतरांनी ती आपापल्या मगदुराप्रमाणे ओढायची. 1720 च्या सुमारास काही धर्मोपदेशकांनी स्वरलिपी वाचून गाण्याचा आग्रह धरला, 1721 मध्ये बोस्टनला त्यासाठी पाठ्यपुस्तके निघाली, आणि त्यावर गावोगाव असे रणकंदन माजले, की आमचे वाडवडील हे शिकल्यावाचून स्वर्गाला गेले, मग आम्हाला कशाला, असाही एक युक्तिवाद पुढे आला. (हा युक्तिवाद मला नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत सर्वत्र भेटला आहे.) अखेर वाचणाऱ्यांचा पक्ष जिंकला, गायनशाळा निघाल्या, आणि 1801 च्या ‘ईझी इन्स्ट्रक्टर’ या पाठ्यपुस्तकाने तर प्रत्येक स्वराला निराळा आकार देऊन, म्हणजे फा त्रिकोणी, सोल गोल, ला चौकोनी आणि मी शंकरपाळी, शेतकऱ्यालाही वाचता येईल अशी युक्ती काढली. एलिझाबेथ राणीच्या काळची ही चार अक्षरांची इंग्रजी पद्धत इंग्लंडमध्ये मागे पडली, पण जॉर्जिया आणि अलाबामातील ‘सेक्रेड हार्प’ या स्तोत्रसंग्रहाच्या मेळाव्यांत आजही लोक चौकोन करून एकमेकांकडे तोंडे करून बसतात आणि आधी स्वर, मग शब्द असे गातात.

प्रबोधनकालीन गाण्याला या देशात विसाव्या शतकात नवे दिवस दाखवणारा नोआ ग्रीनबर्ग हाही कोणी मोठा पदवीधर नव्हता. कामगार चळवळीत वाढलेला, काही वर्षे व्यापारी जहाजांवर काढलेला हा गृहस्थ न्यूयॉर्कमधील शिवणकामगार संघटनेच्या गायकवृंदांना शिकवी, आणि 1952 मध्ये त्याने ‘न्यूयॉर्क प्रो म्युझिका’ ही संगीतसंस्था स्थापन केली. त्याच शहरात 1973 पासून जॉन हेटलँड यांनी उभा केलेला ‘रेनेसान्स स्ट्रीट सिंगर्स’ हा हौशी वृंद रविवारी रस्त्यांवर फुकट गात आला आहे. पालो आल्टोत, जेथे मराठी संगणकतज्ज्ञांची मोठी वस्ती आहे, सेंट ॲन हा गायकवृंद 1963 पासून हेच संगीत चर्चमधल्या उपासनेत गातो. पूर्वी पानांचा खर्च असे, तोही 1998 मध्ये निघालेल्या सार्वजनिक वृंदगान-संग्रहाने संपवला. हजारो रचना आता कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात.

आपल्याकडे स्वरलेखन नव्हते असे नाही. भातखंड्यांनी उस्तादांच्या चिजा ‘क्रमिक पुस्तक मालिके’त उतरवून अनंत उपकार केले, पण ते दप्तर जतनासाठी होते, आणि त्याकडे पाहून चारचौघांनी अनोळखी चीज तत्क्षणी गावी अशी अपेक्षा ना त्यांची होती ना आपली. रागसंगीताच्या प्रकृतीला ते मानवणारही नाही. परंतु वाचून वाजवण्याची विद्या आपल्या दारात होतीच: गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना ती मिळे, आणि तेथून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा डोलारा कित्येक वर्षे सांभाळला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1965 मध्ये ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. आपण त्यांचे नाव अमिताभ बच्चनच्या तोंडून ऐकून ठेका धरला आणि त्यांची विद्या मात्र पोटार्थी वादकांची म्हणून सोडून दिली.

राहता राहिली धर्माची हरकत. हिंदू घरातील माणसाने लॅटिन प्रार्थना का गाव्यात, असे मला विचारले जाते. ज्या भाषेत रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि ते चर्चमध्ये टाळ-मृदंगावर गाइले गेले, त्या भाषेच्या माणसांना हा प्रश्न शोभत नाही. शिवाय या दिवाणखान्यांत ज्यू असतात, नास्तिक असतात. कोणी कोणाची श्रद्धा तपासत नाही, चौथा आवाज आला की नाही एवढेच पाहतात.

अधिक मोठी अडचण आपल्या दर्जाच्या कल्पनेची आहे. आमची मुले येथील शाळांच्या गायकवृंदात जातात. अनेक राज्यांत राज्यस्तरीय निवडीसाठी त्यांना अपरिचित स्वरावली वाचून गावी लागते, आणि ती गातातही. पण महाविद्यालयाच्या अर्जात ती ओळ घातली, की पालकांच्या लेखी त्या विद्येचे काम संपले. पहिल्या क्रमांकाने जे येत नाही ते करू नये, ह्या दुराग्रहापायी किती आवाज अठराव्या वर्षी कायमचे तहकूब झाले असतील!

म्हणून एक सूचना. रविवारी मराठी शाळेच्या तासाला मुलांना सोडून कितीतरी पालक बाहेर गाडीत भ्रमणध्वनी कुरवाळीत बसलेले असतात आणि शेजारची एखादी खोली बहुधा रिकामीच असते. स्वर वाचायला शिकवतील अशी आपलीच पंधरा-सोळा वर्षांची मुले तेथे हजर आहेत. बर्डचा तीन आवाजांचाही एक मिस्सा आहे, आणि तीन पालक तर कोणत्याही रविवारी मिळतील.