‘रोज पाऊण तास चाला’, पण कुठे?



मधुमेह असो, रक्तदाब असो, वाढलेलं वजन असो की गुडघेदुखी, आम्ही डॉक्टर मंडळी एक सल्ला हमखास देतो. ‘रोज अर्धा-पाऊण तास चाला.’ यावर पुरुष रुग्ण बहुतेक वेळा ‘वेळ मिळत नाही’ म्हणतात. बायकांचं उत्तर जरा वेगळं असतं. ‘सकाळी डबे असतात, आणि संध्याकाळी सातनंतर आमच्या रस्त्याने नको वाटतं हो डॉक्टर.’

या ‘नको वाटतं’ मध्ये बरंच काही असतं. बंद पडलेला दिवा, कोपऱ्यावर टवाळक्या करत बसलेली चार पोरं, फुटपाथ नाही म्हणून अंगाला घासून जाणाऱ्या मोटरसायकली आणि मुद्दाम मारलेला धक्का. आम्ही चिठ्ठीवर ‘चाला’ लिहितो आणि पुढच्या रुग्णाला बोलावतो. तीन महिन्यांनी साखर तेवढीच असते, मग गोळी वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२२ सालासाठी काढलेल्या अंदाजानुसार भारतातल्या सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी आहे. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के आहे. गरज म्हणजे काही मॅरेथॉन नव्हे, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं. मग आपल्याकडच्या बायका पुरुषांपेक्षा आळशी आहेत का? पहाटे पाचला उठून रात्री अकराला आडव्या होणाऱ्या बायकांना आळशी म्हणायला माझी तरी जीभ धजत नाही. घरकाम आणि नोकरीत त्यांचा वेळ जातो हे खरंच, पण जो थोडा उरतो तो घालवायला सुरक्षित जागाच नसते.

आज याच विषयावर माझं मत मांडतो. मी मुंबईची उदाहरणं घेतोय, कारण हे शहर मला जवळून माहीत आहे. वॉर्डातल्या किंवा सोसायटीतल्या बैठकीत पोलीस, घरं, बस आणि छेडछाड हे चार वेगवेगळे विषय असतात. दवाखान्यात मात्र ते चारही एकाच बाईच्या तब्येतीत एकत्र दिसतात.

१. रस्त्यावरचा त्रास शरीरात कसा उतरतो?

‘छेडछाड’ हा शब्दच मला खटकतो. त्यात थट्टामस्करीचा वास येतो. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मागून कुणीतरी येतंय असं वाटलं की अॅड्रेनालिन स्रवतं, नाडी वाढते, स्नायू ताठ होतात. धोक्यातून पळता यावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. ती कधीतरी वापरण्यासाठी असते. रोज सकाळ-संध्याकाळ, स्टेशन ते घर, वर्षानुवर्षं ती चालू राहिली तर धडधड, डोकेदुखी, पित्त, झोप न लागणं, मान-खांदे आखडणं अशा तक्रारी सुरू होऊ शकतात. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, रक्त नॉर्मल. मग घरचे म्हणतात, ‘हिच्या मनाचे खेळ आहेत.’ हे मनाचे खेळ नाहीत. त्रास खरा असतो, फक्त त्याचं कारण रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. (छातीत दुखणं, दम लागणं असेल तर मात्र आधी तपासणी. ते ताणावर ढकलू नका.)

दुसरी गोष्ट लघवीची. स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृह वाटेत नाही, म्हणून असंख्य बायका घरातून निघण्याआधी पाणी पीत नाहीत आणि दिवसभर लघवी दाबून ठेवतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. त्यात पाणी कमी आणि लघवी तुंबवलेली, म्हणजे संसर्गाला आमंत्रणच. रक्तदाबाची ‘पाण्याची गोळी’ घेणाऱ्या काही जणी प्रवासाच्या दिवशी गोळीच टाळतात. आम्हाला वाटतं औषध लागू पडत नाही, म्हणून आम्ही डोस वाढवतो. खरं तर तिथे डोस नाही, स्टेशनवरचं स्वच्छतागृह हवं असतं.

मुंबईत २०११ पासून काही संस्थांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची सोय करण्याचे आदेश दिले. म्हणजे हा हट्ट नाही, हक्क आहे. आता तुमच्या स्टेशनबाहेर जाऊन बघा. आहे का, उघडं आहे का, आत दिवा आणि पाणी आहे का?

२. ‘मग घरातच बसा’ हा उपाय का नाही?

मुलीला त्रास झाला की बहुतेक घरांत पहिला निर्णय काय होतो? क्लास बंद. उशिरापर्यंत बाहेर राहणं बंद. यात आईवडिलांचा दुष्टपणा नसतो, भीती असते. पण घर म्हणजे सुरक्षित हे गृहीतही एकदा तपासायला हवं.

गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये समोर आणला. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये इमारती इतक्या जवळ आहेत, काही ठिकाणी अंतर जेमतेम तीन मीटर, की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचतच नाही. अशाच घरांमध्ये क्षयरोगाचे रुग्ण जास्त आढळले. जिथे इमारतींत मोकळं अंतर होतं त्या वसाहतीत परिस्थिती बरी होती.

कारण सरळ आहे. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. खेळती हवा त्यांना पातळ करते, ऊन त्यांना मारतं. सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोलीत, जिथे दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते, तिथे सर्वांत जास्त वेळ कोण असतं? पुरुष कामावर, मुलगे नाक्यावर. घरात राहतात त्या बाई आणि मुलगी. रस्ता नको म्हणून आपण मुलीला आत ठेवतो, आणि आतली हवाच धोक्याची असते. माझा मुद्दा इथेच आहे. रस्त्याची भीती आणि घराची बांधणी हे दोन प्रश्न वेगळे धरले तर दोन्हीही सुटत नाहीत.

माहुलचं उदाहरणही असंच. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून हजारो माणसांना रिफायनऱ्यांशेजारच्या वसाहतीत पाठवलं गेलं. तिथल्या हवेमुळे आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या लोकांना दुसरीकडे घरं द्या, नाहीतर भाडं द्या. नुसती चार भिंतींची किल्ली हातात दिली म्हणजे पुनर्वसन होत नाही. श्वास, दवाखाना, शाळा आणि तिथवर नेणारी बस हेही घराचेच भाग आहेत.

३. बसची वाट बघणं हाही आरोग्याचा प्रश्न

लोकलच्या महिला डब्यात बाई निदान बायकांमध्ये असते. मुंबईत १९९२ पासून महिला विशेष लोकलही धावते. पण प्रवास स्टेशनवर संपत नाही. स्टेशन ते घर हा शेवटचा टप्पा बसने, शेअर रिक्षाने किंवा पायी करायचा असतो, आणि भीती तिथेच जास्त असते.

एके काळी चार हजारांहून अधिक बस असलेला बेस्टचा ताफा आता तीन हजारांच्याही खाली आहे. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. पाच रुपयांनी काय होतं, असं वाटेल. पण रोजंदारीवर काम करणारी बाई हे रुपये वाचवायला अंधारातून चालत जाते, किंवा दवाखान्याची पुढची तारीख चुकवते. बस वेळेवर नसली की थांब्यावर एकटीने उभं राहण्याचा वेळ वाढतो, आणि तेवढाच त्रासाचा धोका वाढतो.

याची किंमत शिक्षणातही मोजली जाते. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. वाट सुरक्षित हवी म्हणून मुली गुण असूनही कमी दर्जाचं कॉलेज निवडतात, असं त्यात दिसलं. म्हणजे रस्त्यावरची शेरेबाजी दोन मिनिटांत संपत नाही. ती मुलीचं कॉलेज, तिची नोकरी आणि पुढची कमाईही ठरवते.

४. पोलीस हवेत, पण कशासाठी?

बैठकांमध्ये ऐकू येणाऱ्या मागण्या ठरलेल्या असतात. गस्त वाढवा, सीसीटीव्ही लावा, फेरीवाले हटवा, बाग सातला बंद करा, बाकावर बसणाऱ्या जोडप्यांना हाकला. गस्त हवीच, याबद्दल वाद नाही. बाकीच्या यादीशी मी सहमत नाही.

सीसीटीव्हीचा उपयोग घटना घडल्यानंतर जास्त होतो. बाग बंद केली की चालायची जागाच जाते. आणि रात्री दहापर्यंत दिवा लावून उभी असलेली भुर्जीची गाडी ही एकट्या बाईला मोठा आधार असते. ती हटवली की उरतो तो ओसाड रस्ता. फेरीवाल्यांमुळे फुटपाथ अडतो आणि म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर उतरावं लागतं, ही तक्रारही तितकीच खरी आहे. त्यासाठी फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यात जागा नेमून देण्याची तरतूद आहे. उपाय जागा आखण्याचा आहे, माणसं पुसून टाकण्याचा नाही. जोडप्यांना हाकलणं हे तर पोलिसांचं कामच नव्हे. ज्या मुलीला कालच पोलिसांनी नाव-गाव विचारून दरडावलं, ती उद्या खरा त्रास झाला तर त्याच चौकीत जाईल का?

पोलिसांकडून एकच मोठी अपेक्षा ठेवूया. तक्रार घ्यावी, आणि नीट घ्यावी. ‘एवढ्या रात्री कुठे निघाली होतीस?’ हा प्रश्न विचारू नये. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत पोलीस आणि नागरिकांच्या मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. एकमेकांशी बोलल्याने तणाव निवळतो, हा अनुभव या शहराने घेतलेला आहे. तोच मार्ग इथेही चालेल. फक्त त्या खुर्च्यांवर कॉलेजच्या मुली, घरकाम करणाऱ्या बायका आणि रात्रपाळीच्या नर्सही बसलेल्या हव्यात.

५. तुम्ही काय करू शकता?

• त्रास होत असेल तर ११२ वर फोन करा. मुंबईत महिलांसाठी १०३ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक आहेत. ते आत्ताच मोबाइलमध्ये साठवा.

• भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ (कलम ७५), पाठलाग (कलम ७८) आणि अश्लील शब्द किंवा हावभाव (कलम ७९) हे गुन्हे आहेत. ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही, गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. अशा गुन्ह्यांत स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते.

• मुलगी घरी येऊन काही सांगत असेल तर आधी पूर्ण ऐकून घ्या. तिचं बाहेर जाणं बंद केलंत तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

• शेजारच्या चार-पाच जणी मिळून चालायला निघा. गटामुळे भीती कमी होते आणि नियमही टिकतो.

• लघवी दाबू नका. पाण्याची गोळी घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.

• घरात दोन आठवड्यांहून जास्त कुणाचा खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात क्षयाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

• पुरुषांनो, मित्राने शेरा मारला की हसू नका. ‘गप बस’ एवढं म्हणालात तरी पुष्कळ फरक पडतो.

• आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा. ‘चालायला जमत नाही’ ऐवजी ‘रस्ता सुरक्षित नाही’ असं म्हणा. मग आपण घरात, गच्चीवर किंवा जिन्यात जमेल असा व्यायाम ठरवू शकतो.

पुढच्या वेळी तुमच्या वॉर्डात बैठक असेल तेव्हा एक छोटा कागद बरोबर न्या. घर ते स्टेशन किती दिवे बंद आहेत, स्वच्छतागृह कुठे आहे आणि किती वाजता कुलूप लागतं, शेवटची बस किती वाजता आहे, चौकीत रात्री महिला पोलीस असते का. फक्त एवढंच लिहा. ‘सुरक्षितता हवी’ या मोघम मागणीला उत्तर टाळता येतं. ‘अमुक खांबावरचा दिवा वीस दिवस बंद आहे’ याला उत्तर द्यावंच लागतं. तो दिवा लागला की मग मला येऊन सांगा. पाऊण तास चालण्याचं आपण तेव्हा पुन्हा बोलू.