खरी यंत्रपूजा

खंडेनवमीस आपण शस्त्रांबरोबर यंत्रांचीही पूजा करतो. परंतु ज्या यंत्रास हळदकुंकू वाहिले, त्याचा स्वभाव जाणून घेण्याची तसदी किती जण घेतात? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. थंडीत इंजिन चालू होईना, की हवेच्या मार्गात ईथरचा फवारा मारण्याचा मोह होतो. ईथर सुमारे १६० अंश सेल्सिअसलाच आपोआप पेटते. पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच भडका उडाल्यास पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉडही मोडू शकतात. ग्लो प्लग तापलेला असेल, तर धोका अधिकच.

रिमवर टायर बसविण्यासाठी हाच फवारा मारून काडी ओढणे हा तर जवळ बसलेल्या पोऱ्याच्या जिवाशी खेळ होय. त्या स्फोटाचा दाब कोणाच्याच ताब्यात नसतो. टायर फुटून माणसे दगावू शकतात.

बॅटरी व ग्लो प्लग सुस्थितीत ठेवावेत, टायर कॉम्प्रेसरच्या हवेनेच बसवावा. यास वेळ लागतो हे खरे. पण यंत्र आणि ते चालविणारे हात, दोहोंचे रक्षण करणे हीच खरी यंत्रपूजा. झेंडूची माळ हे तिचे केवळ निमित्त.