घरचा संगणक : यादी दोन भाषांची, लेबले आठ पानांची

तुळशीचे लग्न लागले की आपल्या भागात घरोघरी याद्या बाहेर निघतात. पत्रिका छापून येतात, त्यांना हळदी-कुंकवाची बोटे लागतात, पहिली पत्रिका देवापुढे ठेवली जाते आणि मग समोर उभा राहतो पाकिटांवर पत्ते घालण्याचा डोंगर. हल्ली निमंत्रण मोबाइलवर जाते हे खरे. पण आजोळी, सोयऱ्यांकडे आणि गावच्या थोरल्या मंडळींकडे कागदाची पत्रिका गेली नाही, तर मांडवात कोणीतरी ते बोलून दाखवतेच. अशी पाकिटे दीड-दोनशे सहज भरतात. पूर्वी घरात ज्याचे अक्षर वळणदार त्याच्या गळ्यात हे काम पडायचे. आता ते संगणकाकडे आले आहे आणि तिथे बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. लेबलांचे पहिले पान झकास होते, दुसरे काही केल्या येत नाही.

मग काय करतात? पहिल्या पानाची चौकट उचलून खाली चिकटवतात आणि नावे एकेक करून पुसून नवी टंकतात. दोन-तीन पानांनंतर रकाने खाली सरकू लागतात आणि छापताना अर्धे नाव एका लेबलवर, अर्धे दुसऱ्यावर येते. वैताग येतो आणि पुन्हा पेन हातात घेतले जाते.

खरे तर दुसरे पान आपण करायचेच नसते. चकली करताना सोऱ्या एकच असतो, चकल्या पिठाप्रमाणे होतात. लेबलांचेही तसेच आहे. वर्डमध्ये दिसणारे ते एक पान म्हणजे सोऱ्या. पीठ म्हणजे आपली यादी, आणि ती वेगळ्या फाइलमध्ये असते. यादीत जितकी नावे, तितकी पाने संगणक स्वतः काढतो. या जुळणीला ‘मेल मर्ज’ म्हणतात. एकच मजकूर सगळ्या लेबलांवर हवा असेल, उदाहरणार्थ लोणच्याच्या बरण्यांवरचे नाव किंवा पाकिटामागचा आपला पत्ता, तर एवढा खटाटोप नको. एक पान भरून घ्यावे आणि छापताना प्रतींचा आकडा वाढवावा. नावे वेगवेगळी असली की मात्र मेल मर्जला पर्याय नाही.

आधी यादी

सगळी मेहनत यादीत आहे आणि आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत तर ती जास्तच आहे. एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत रकान्यांची नावे लिहा : उपाधी, नाव, पत्त्याची पहिली ओळ, दुसरी ओळ, गाव, पिनकोड आणि शेवटी ‘लिपी’. एका ओळीत एकच घर घ्या, मध्ये रिकामी ओळ सोडू नका. नावाचे तीन तुकडे करण्याच्या फंदात पडू नका. आपल्याकडे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. कन्नड घरांत अनेकदा आद्याक्षरे आधी येतात आणि आडनाव लावलेलेच नसते. एकाच रकान्यात पूर्ण नाव लिहिले की दोन्ही पद्धती सुखाने नांदतात.

उपाधीचा रकाना वेगळा ठेवायला सांगितला, त्याला कारण आहे. मराठीत सवाष्णीच्या नावामागे ‘सौ.’ लावतात आणि ‘श्रीमती’ हे बहुतेक घरांत पती हयात नसलेल्या बाईंसाठी लिहिले जाते. कन्नडमध्ये मात्र ‘श्रीमती’ ही लग्न झालेल्या कोणत्याही बाईंची नेहमीची उपाधी आहे. धारवाडच्या दोड्डव्वांच्या नावामागे तिकडच्या यादीत ‘श्रीमती’ असते, ते बरोबरच असते. ती यादी जशीच्या तशी मराठी लेबलांवर उतरवली, तर दोड्डप्पा खुर्चीत पेपर वाचत बसलेले असताना दाराशी भलतेच पाकीट येते. उलट बाजूनेही चूक होते. आजोबांना जाऊन तीन वर्षे झाली, तरी जुन्या फाइलमुळे पत्रिका त्यांच्याच नावाने निघते. माणसे तोंडावर काही बोलत नाहीत, पण ते पाकीट लक्षात राहते. संगणकाला सुतक कळत नाही आणि सौभाग्यही कळत नाही. तेवढे आपणच पाहायचे.

आता ‘लिपी’च्या रकान्याविषयी. पाकीट ज्यांच्या हातात जाणार, त्यांना सहज वाचता येईल अशा लिपीत नाव असावे. त्या रकान्यात प्रत्येक घरापुढे नुसते ‘म’ किंवा ‘क’ लिहा. कन्नड नावे मात्र कन्नड येणाऱ्या माणसाने स्वतः टंकावीत, मराठीवरून आपोआप रूपांतर करून घेऊ नयेत. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी वेगळी अक्षरे आहेत, देवनागरीत आपण ती एकाच मात्रेने भागवतो. ‘दोड्डव्वा’मधला ओ ऱ्हस्व, ‘गोकाक’मधला दीर्घ. ‘हेगडे’ आडनावातला पहिला ए कन्नडमध्ये ऱ्हस्व आहे. हे यंत्राला देवनागरीवरून कसे कळावे? उलट आपल्या ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतल्या दोन ‘च’ना कन्नडमध्ये एकच अक्षर आहे. घरातल्या ज्या सुनेचे शिक्षण कन्नड शाळेत झाले, तिला हे काम द्या. अर्ध्या तासात होईल आणि नावे शुद्ध येतील.

गावाच्या नावाचा वाद यादीत आणू नये. कर्नाटकातल्या १२ शहरांची नावे १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदलली, त्यात आपले शहरही होते. जुन्या याद्यांत जुनी नावे आहेत, नव्यांत नवी. पत्र पोचवण्याचे खरे काम पिनकोड करतो. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू आहे. पहिला आकडा टपालाचा विभाग सांगतो : कर्नाटकाला ५, महाराष्ट्र आणि गोव्याला ४. म्हणूनच निपाणीचा पिनकोड ५९१ ने सुरू होतो आणि हाकेच्या अंतरावरच्या कागलचा ४१६ ने. गावांची नावे आपल्याला सारखीच परिचित, पण एक आकडा चुकला तर पाकीट दुसऱ्या विभागाकडे निघते. पिनकोड इंग्रजी अंकांतच लिहावा, म्हणजे देवनागरी किंवा कन्नड अंक न वाचणाऱ्यालाही तो कळतो.

अक्षरांची भानगड

अनेक घरांत जुनी यादी छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेली असते. ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. कन्नड फॉन्ट लावला तर आणखी गोंधळ होतो. यावर उपाय एकच : सगळी यादी युनिकोडमध्ये आणावी. युनिकोडमध्ये मराठी आणि कन्नड एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी राहतात. विंडोज ८ पासून आलेल्या ‘निर्मला यूआय’ या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या आहेत. त्याआधीच्या विंडोजवर देवनागरीला ‘मंगल’ आणि कन्नडला ‘तुंगा’ असत. फॉन्ट किंवा आकार बदलूनही अक्षरे बदलत नसतील, तर फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा कप्पा पाहा, आपल्या लिप्यांचा हिशेब तिथे असतो. आणि यादी एक्सेलच्या नेहमीच्या फाइलमध्येच जतन करा. साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात जतन केली तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते.

आता सोऱ्या

स्टेशनरीच्या दुकानात ए-४ आकाराचे चिकट लेबलांचे कागद मिळतात. पत्त्यांना २४ लेबलांचा कागद सोयीचा : तीन रकाने, आठ ओळी, प्रत्येक लेबल साधारण ६४ मिलिमीटर रुंद आणि ३४ मिलिमीटर उंच. पाकिटावर छापलेली मापे पाहूनच खरेदी करा.

वर्ड उघडून ‘मेलिंग्ज’वर जा. ‘स्टार्ट मेल मर्ज’मध्ये ‘लेबल्स’ निवडा आणि आपल्या कागदाचा क्रमांक शोधा. तो सापडला नाही तर ‘न्यू लेबल’मध्ये मापे स्वतः भरा. मग ‘सिलेक्ट रेसिपिएंट्स’मधून आपली एक्सेलची यादी जोडा. ‘एडिट रेसिपिएंट लिस्ट’मध्ये ‘फिल्टर’ लावून आधी फक्त ‘म’ची घरे घ्या. पहिल्या लेबलमध्ये ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’ने उपाधी, नाव, पत्ता, गाव आणि पिनकोड ओळीने बसवा. अक्षरांचा आकार ११ किंवा १२ ठेवा आणि पाच ओळींच्या वर जाऊ नका. लेबलची उंची ठरलेली असते, जास्तीची ओळ कापली जाते आणि ती नेमकी पिनकोडची असते.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. ‘अपडेट लेबल्स’ दाबा. पहिल्या लेबलमधला मजकूर बाकीच्या २३ लेबलांत उतरतो आणि त्या प्रत्येकाच्या आरंभी ‘नेक्स्ट रेकॉर्ड’ अशी खूण येते. ‘आता पुढचे नाव घे’ असा तिचा अर्थ. ती नसेल तर पानभर एकाच घराचे नाव छापले जाते. ती चुकून पहिल्या लेबलमध्येही आली, तर यादीतले पहिलेच घर गळते, आणि पहिले घर बहुधा मामाचे असते!

एवढे झाले तरी समोर एकच पान दिसेल. घाबरू नका, ते सोऱ्याचे पान आहे. ‘फिनिश अँड मर्ज’, मग ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’, मग ‘ऑल’. आता नवी फाइल उघडते आणि तिच्यात सगळी पाने असतात. समजा मराठीची ११५ घरे आहेत, तर पाच पाने. मग फिल्टर बदलून ‘क’ची ७१ घरे घ्या, तीन पाने. एकूण आठ पाने, १८६ पाकिटे. वर्ड नसेल तर फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही ‘फाइल’, ‘न्यू’, ‘लेबल्स’ अशी सोय आहे. तिथे यादी आधी डेटाबेस म्हणून जोडावी लागते आणि छापताना ‘फॉर्म लेटर छापायचे का’ असे विचारले की ‘हो’ म्हणायचे.

छापण्याआधी

पहिले पान साध्या कागदावर छापा. तो कागद लेबलांच्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरा, नावे चौकटीत बसतात की नाही ते दिसेल. सरकलेली असतील तर प्रिंटरमध्ये ‘फिट टू पेज’ चालू आहे का पाहा, ते काढून १०० टक्के आकार ठेवा. लेबले काढलेला अर्धवट कागद लेझर प्रिंटरमध्ये पुन्हा घालू नका. आतल्या उष्णतेने लेबल सुटून यंत्रातच चिकटते आणि दुरुस्तीचे बिल लग्नखर्चात वाढते.

शेवटी एक काम संगणकाबाहेरचे. लेबले छापण्याआधी यादी साध्या कागदावर काढा आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसासमोर बसून मोठ्याने वाचा. ‘यादी’ हा शब्द आपल्याकडे मराठीत आणि कन्नडमध्ये सारखाच चालतो, त्यामुळे काय वाचतो आहोत ते आजीला आणि अज्जीला वेगळे सांगावे लागणार नाही. कोण गेले, कोणाच्या घरी नवी सून आली, कोणी घर बदलले, कोणाशी बोलणे बंद होते पण आता बोलावायला हवे, हे त्यांच्याकडूनच कळते. सांगतील तसे तिथल्या तिथे एक्सेलमध्ये दुरुस्त करा, फाइलच्या नावात वर्ष घाला आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. पुढच्या बारशाला, साठीशांतीला किंवा वास्तुशांतीला हीच यादी पुन्हा लागणार आहे.