गांजाचं यंत्र आणि मामांची गोळी

२००८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. माझे धाकटे मामा तेव्हा फोंड्याला घरीच अंथरुणाला खिळून होते. कर्करोग हाडांत उतरला होता. आता रुग्णालयात ठेवण्यात अर्थ नाही, असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. दुपारी मामांच्या उशाशी बसून मी वर्तमानपत्र चाळत होतो. आतल्या पानावर एक चौकट दिसली: अमेरिकेत लॉस एंजेलिसला गांजा देणारं यंत्र बसवलं. नाणं टाकलं की थंड पेयाची बाटली बाहेर येते, तसल्या यंत्रातून गांजाची पुडी.

मी ती बातमी मामांना वाचून दाखवली. मामा हसले आणि म्हणाले, "आमच्या हणजुणां यंत्राची गरज ना रे!" हसता हसता कळ आली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांची मॉर्फिनची गोळी संपून चार दिवस झाले होते.

त्या बातमीनं तेव्हा फक्त करमणूक झाली. पण गांजा कायदेशीर करावा की नाही, असा वाद कुठेही निघाला की मला ते यंत्र आणि ती दुपार एकदमच आठवते. म्हणून आज दोन्हींबद्दल लिहितो.

आधी यंत्राचं. कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी १९९६ साली कौल देऊन औषधी गांजाला परवानगी दिली होती. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा १९७० पासून सगळ्यांत कडक यादीत होता, म्हणजे औषधी उपयोग शून्य असं सरकारनंच लिहून ठेवलेलं. त्यामुळे डॉक्टरला गांजा रीतसर 'लिहून' देता येत नसे, फक्त 'शिफारस' करता येत असे. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की राज्यानं मुभा दिली, रुग्णानं स्वतःच्या परसात झाड लावलं, तरी केंद्र सरकार त्याला अडवू शकतं. म्हणजे रुग्ण राज्याच्या लेखी आजारी आणि केंद्राच्या लेखी गुन्हेगार.

हे यंत्र त्या फटीत उगवलेलं. रुग्णानं शिफारसपत्र दाखवून नाव नोंदवायचं, बोटाचा ठसा द्यायचा, मग कार्ड घालून, बोट टेकवून पुडी घ्यायची. यंत्राशेजारी राखणदार उभा. कोणाच्या नजरेला नजर द्यायला नको, दुकानाच्या वेळा पाळायला नकोत, ही त्याची जाहिरात. पुढे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियानं प्रौढांना गांजा सरसकट खुला केला, २०१८ पासून रीतसर दुकानं थाटली गेली आणि यंत्राचं अप्रूप ओसरलं.

तेव्हा दोन बाजूंनी आरडाओरड झाली. एक बाजू म्हणे, पाहा, रोग्याच्या नावानं नशेचा बाजार. दुसरी म्हणे, पाहा, रोग्याची केवढी सोय. माझं मत दोन्हींपेक्षा वेगळं आहे, आणि ते मामांच्या गोळीमुळे झालेलं आहे.

मॉर्फिन अफूपासून होतं. वैध अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे. मध्य प्रदेशात नीमचला आणि उत्तर प्रदेशात गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत. तरीही १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि देशातला मॉर्फिनचा औषधी वापर कोसळला. १९८५ साली सातशे किलोंवर असलेला वापर १९९७ पर्यंत जेमतेम अठरा किलोंवर आला. मॉर्फिनवर बंदी कोणी घातली नव्हती. पण ठेवायला वेगळा परवाना, न्यायला वेगळा, आणि चुकलं तर थेट तुरुंग. औषधविक्रेत्यांनी हात जोडले. केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं झगडली, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायद्यात सुधारणा झाली. मामा तोवर थांबले नाहीत.

आम्ही त्या आठवड्यात तीन ठिकाणी हिंडलो. एके ठिकाणी साठा नाही. दुसऱ्या ठिकाणी 'सही करणारे साहेब रजेवर, सोमवारी या'. तिसऱ्या ठिकाणच्या माणसानं तर मला नखशिखांत न्याहाळून विचारलं, "कोणाला हवी आहे?" त्या प्रश्नातला संशय मी अजून विसरलेलो नाही. त्या क्षणी कोणी मला बोटाचा ठसा घेऊन गोळी देणारं यंत्र दाखवलं असतं, तर मी दहाही बोटं टेकवली असती. यंत्र माणसाला का हवंसं वाटतं, हे मला तिथं कळलं. ते संशय घेत नाही.

मग यंत्राला माझा विरोध का? कारण यंत्र संशय घेत नाही, तसं ते विचारपूसही करत नाही. गांजात औषधी गुण आहेत, हे आता निव्वळ साधूंचं म्हणणं राहिलेलं नाही. केमोथेरपीनंतरची मळमळ, जुनाट वेदना, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांवर त्याचा उपयोग होतो, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१७ च्या अहवालात नोंदवलं. २०१८ मध्ये लहान मुलांच्या दुर्मिळ अपस्मारावर गांजातल्या एका घटकाचं औषध तिथं रीतसर मंजूर झालं. पण त्याच अहवालात मानसिक आजाराच्या धोक्याचीही नोंद आहे. आणि यंत्रातून पडते ती पुडी. पुडीवर ग्रॅम असतात, मात्रा नसते. त्यातला नशेचा अंश किती, रोग्याच्या इतर औषधांशी त्याचं जमेल का, घरात तरुण मुलगा आहे का, हे यंत्र कुठून विचारणार?

आता आपल्याकडे पाहा. आपल्या कायद्यानं गांजा आणि चरस गुन्हा ठरवले, पण नुसती पानं त्या व्याख्येबाहेर ठेवली, म्हणून भांग वाचली. आयुर्वेदात तिला विजया म्हणतात. आज विजयेच्या पानांचा अर्क मोबाईलवरून मागवता येतो. वैद्यांशी दोन मिनिटं बोलायचं, चिठ्ठी तयार, बाटली दारात. हेही तेच यंत्र, फक्त ते आता खिशात आलं आहे. एखादा वैद्य मनापासून विचारपूस करतही असेल. पण दोन मिनिटांत विक्री उरकायची व्यवस्था ही विचारपुशीसाठी उभी केलेली नसते.

आणि आपला गोवा? २०२० च्या डिसेंबरात औषधी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव राज्याच्या कायदा खात्यानं तपासून पुढे पाठवल्याची बातमी आली आणि एकच गदारोळ झाला. पुढे तो विषय गुंडाळला गेला. विरोध करणाऱ्यांची भीती खोटी होती, असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यावर काय चालतं, ते आपण सत्तरच्या दशकापासून पाहत आलो आहोत, आणि त्यात आपलीही मुलं वाया गेली आहेत. पण त्या सगळ्या गदारोळात रोग्याचं नाव मला एकदाही ऐकू आलं नाही. बाजूनं बोलणारे महसुलाचं बोलले, विरोधात बोलणारे संस्कृतीचं. गांजा म्हटलं की आपल्याला हणजूणच दिसतं, अंथरुणावरचा माणूस दिसत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. औषध, नशा आणि धंदा या तीन गोष्टी वेगवेगळ्या बोलूया. नशेची मुभा असावी की नसावी, यावर भांडायला आयुष्य पडलं आहे. पण जिथं उपयोग सिद्ध झाला आहे, तिथं मोजलेल्या मात्रेचं औषध आपल्या नेहमीच्या फार्मसीत, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, मान खाली न घालता मिळायला हवं. मॉर्फिनच्या बाबतीत जी चूक आपण जवळजवळ तीस वर्षं केली, ती पुन्हा नको. आणि त्या चुकीचा कंटाळा येऊन उद्या यंत्राच्या, नाहीतर मोबाईलच्या, स्वाधीनही व्हायला नको.

मामांना गोळी पाचव्या दिवशी मिळाली. देणाऱ्या बाई मध्यमवयीन होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, मामांचं वय विचारलं, रात्री झोप लागते का विचारलं. मग म्हणाल्या, "या गोळीनं पोट बांधतं. त्याचं औषध बरोबर चालू ठेवा, नाहीतर दुखणं राहील बाजूला आणि त्याचाच त्रास होईल. दुखायला लागायची वाट पाहू नका, वेळेवर द्या." मामींनी घरी आल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयात गोळीच्या वेळा लिहून ठेवल्या.

त्या रात्री मामा झोपले. बऱ्याच दिवसांनी मामीही झोपल्या.