सुवर्णकणांचा निवाडा

बीटा-ग्लोबिनच्या जनुकात अ‍ॅडेनीनच्या जागी थायमीन, एवढा एकाच अक्षराचा फेरफार सिकलसेलच्या आजाराचे मूळ ठरतो. आणि असले फेरफार हुडकण्याची वाट नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील चॅड मिरकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली, सुमारे 13 नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणांना डीएनएचे तुकडे जोडून, मोकळी केली. पूरक धागा भेटताच कण एकवटतात व तांबडा द्रव निळसर-जांभळा होतो. मात्र खरी खुबी पुढेच आहे, कारण तापमान चढवीत नेले असता एका अक्षराची विसंगती असलेली जोडी निर्दोष जोडीच्या आधी, आणि तीही मोजक्या अंशांच्या अवधीत, विलग होते. गडचिरोली-नंदुरबारकडील दवाखान्यांना अशा तपासण्या परवडाव्यात म्हणून सरकारदरबारी तजवीज व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.