दिल्लीचं विमान आज उशिरा आहे

‘डॉक्टर, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वीचं सगळं तोंडपाठ आहे.’ घरातील वृद्धांविषयी ही तक्रार परतवाड्यातील माझ्या दवाखान्यात वारंवार ऐकू येते. अशा वेळी मी नातेवाइकांना माझ्या आजोबांविषयी सांगतो.

आजोबा नागपूरला टपाल खात्यात नोकरीला होते. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई व विमाने आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असल्याने नागपूरला हा मान मिळाला होता. आजोबांची रात्रपाळी तेथे असे. एकदाच त्यांना त्या डाकोटा विमानातून मुंबईला जाता आले. ढगांवर पडलेले चांदणे त्यांनी त्या रात्री पाहिले आणि जन्मभर त्याचेच वर्णन केले.

ऐंशीनंतर त्यांना स्मृतिभ्रंश जडला. दिवेलागणीला ते टोपी घालून दाराशी जात व ‘ड्युटीला उशीर होतो’ म्हणत. ‘तुम्ही केव्हाच रिटायर झालात,’ असे कोणी सांगितले, की त्यांचा चेहरा उतरे. जणू नोकरी त्या क्षणी सुटली. आजी मात्र म्हणे, ‘दिल्लीचं इमान आज उशिरा हाय, जेवून जा.’ मग ती चांदण्याविषयी विचारी. आजोबा बोलता बोलता जेवत आणि जाणे विसरत.

अल्झायमरसारख्या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी दुबळा होतो. तारुण्यातील आठवणी पुष्कळ काळ टिकतात. जुन्या गोष्टींत रमल्याने आजार बरा होत नाही. पण मन शांत होते आणि वृद्धाला आपली ओळख क्षणभर परत मिळते. म्हणून ‘मी कोण, सांगा बरं?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘तेव्हा कसं होतं?’ असे विचारावे. जुने छायाचित्र किंवा एखादी वस्तू हाती द्यावी. चष्मा व श्रवणयंत्र लावलेले असावे. एखाद्या आठवणीने डोळे भरून आले, तर हात धरून बसावे व हळूच विषय बदलावा.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, बरळणे सुरू झाले, फार झोप येऊ लागली, तर ती जुनी आठवण नव्हे. जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे किंवा एखादे औषध हे त्यामागील कारण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. विमानाची आवड असलेले आजोबा घरी असतील, तर त्यांना ते उड्डाण एकदा दाखवून आणावे. कोणाला बहिरमच्या जत्रेत रमायला आवडेल, कोणाला विदर्भ मिलच्या भोंग्यात. त्यांना काय प्रिय होते, हे आजच विचारून वहीत लिहून ठेवा. पुढे शब्द हरवू लागले, की त्या वहीतूनच तुम्हाला त्यांच्याशी बोलता येईल.