कोणत्या पाण्यात उतरायचे?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी हे एकाच गावाचे नाव नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, माथेरानच्या कुशीत, जिथे जिथे ठाकूर समाजाची वस्ती आहे, तिथे बहुधा एक ठाकुरवाडी आहे. उल्हास, पेज, चिल्लार, पाताळगंगा या नद्यांच्या डोहांत वाडीवरची मुले कोणत्याही प्रशिक्षकाविना पोहायला शिकतात. दुसरीकडे, डोंबिवली-ठाण्यापासून दादरपर्यंतच्या तरण तलावांत शहरी मुले घड्याळ लावून हीच विद्या आत्मसात करीत असतात. या दोन पाण्यांमधील अंतर लोकलच्या दोन तासांचे आहे. पण ते ओलांडायचे की नाही, हे ठरते एका कागदावर. तो कागद म्हणजे जलतरण मंडळाने वर्षारंभी केलेली स्पर्धांची यादी.

ही यादी करणे वाटते तितके सोपे नाही. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांची जिल्हा, विभाग, राज्य अशी एक शिडी आहे. जलतरण संघटनांच्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांची दुसरी. २०१८पासून 'खेलो इंडिया'ची भर पडली. शिवाय खासगी चषक स्पर्धा आहेतच. मुलाचे शरीर मात्र एकच असते. मोठ्या स्पर्धेपूर्वी दोन-तीन आठवडे सराव हलका करून त्याला ताजेतवाने करावे लागते, आणि हे वर्षातून दोन-तीनदाच साधते. २५ मीटरच्या तलावात वळणे अधिक, म्हणून वेळ चांगली दिसते. तोच मुलगा ५० मीटरच्या तलावात मागे पडला, तर तो बिघडला असे म्हणता येत नाही. कोणत्या स्पर्धेतून काय शिकायचे, हे आधी ठरवूनच यादी झाली पाहिजे.

प्रत्यक्षात काय घडते? पहिला प्रश्न विचारला जातो तो प्रमाणपत्राचा. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षण या योजना खेळाडूंच्या हितासाठी आल्या, आणि त्या योग्यच आहेत. परंतु फळाकडे डोळे लावून बी पेरले, की पीक किडते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. जिथे स्पर्धक थोडे तिथे पदक सोपे, या हिशेबाने स्पर्धा निवडणारा पालक आपल्या मुलाला पोहायला शिकवीत नसतो. पळवाट शोधायला शिकवीत असतो.

या हिशेबात वाडीवरच्या मुलाचे नाव यादीपर्यंत पोहोचतच नाही. वयोगटासाठी जन्मदाखला हवा, आणि घरीच जन्मलेल्या मुलाचा तो अनेकदा नसतो. प्रवेशशुल्क हवे, प्रवासखर्च हवा. सरावाचा हंगाम नेमका भातलावणीच्या दिवसांत आला, तर घरात हातांची गरज असते. सूर मारण्याचे आणि वळण घेण्याचे तंत्र त्याला ठाऊक नसते. पण वाहत्या पाण्याशी झुंजलेला दम त्याच्यापाशी असतो. अशा मुलासाठी आधी जिल्हा स्पर्धा, मग योग्य सरावानंतर मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात होणारी सागरी स्पर्धा, असा वेगळा मार्ग का आखू नये? बंगालमध्ये भागीरथीच्या पात्रात जंगीपूर ते बहरामपूर अशी ८१ किलोमीटरची स्पर्धा होते. नदीत वाढलेल्या मुलाचे खरे मैदान कदाचित तेच असेल. ते शोधणे हे प्रशिक्षकाचे काम आहे.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. धनुर्विद्या आणि मैदानी खेळांत वनवासी युवकांना पुढे आणण्याचे काम कल्याण आश्रमासारख्या संस्था निष्ठेने करीत आहेत. परंतु धावायला माळ पुरतो. जलतरणाला तलाव, प्रशिक्षक आणि रेल्वेचे तिकीट लागते. म्हणूनच येथे समाजाचा हात अधिक हवा.

आपल्या परंपरेत बलोपासना ही पदकांसाठी नव्हती. ८ जुलै १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मार्सेल्सच्या बंदरात 'मोरिया' बोटीतून उडी घेतली, तेव्हा किनाऱ्यावर कोणी पंच उभा नव्हता. पकडले जाऊनही ती उडी एका राष्ट्राच्या स्वत्वाची खूण ठरली. अंगी बाणलेली विद्या कसोटीच्या क्षणी उपयोगी पडते. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे आणि सुजाण कुटुंबांपुढे तीन साधी कामे आहेत. वाडीवरच्या मुलांचे जन्मदाखले काढून देणे, हे पहिले. आपल्या परिचयातील जलतरण मंडळाला यादी करताना दोन जागा या मुलांसाठी राखायला लावणे आणि त्यांचे शुल्क उचलणे, हे दुसरे. तिसरे सर्वांत सोपे आणि सर्वांत मोलाचे: दादर-ठाण्यातील घरांनी स्पर्धेच्या आदल्या रात्री त्यातील एका मुलाला आपल्याकडे मुक्कामाला बोलवावे. पहाटे वाडीवरून निघून सकाळच्या शर्यतीला ताजेतवाने पोहोचणे कोणालाही शक्य नाही. आपल्या मुलांच्या पंगतीत त्याचे पान मांडले, की उपकाराची भाषा आपोआप गळून पडेल आणि समरसतेला व्यासपीठाची गरज उरणार नाही.

डोह आणि तलाव यांतील पाणी एकच आहे. मधली भिंत आपण उभारली आहे. ती आपणच उतरवायची आहे.